हवेत ब्रेक दाबून काय उपयोग? मातीतल्या बाइक-गेममधलं खरं आणि खोटं

दिवाळीच्या सुट्टीत भाचा राहायला आला होता. वय वर्षं अकरा. फराळाचं ताट मांडीवर, हातात माझा फोन, आणि फोनवर मातीच्या ट्रॅकवरची बाइकची शर्यत. बाइक टेकाडावरून उडाली, तिचं नाक आभाळाकडे गेलं. त्याने ब्रेकचं बटण दाबलं आणि नाक अलगद खाली आलं. तो थांबला, माझ्याकडे बघून म्हणाला, "मामा, चाक तर जमिनीला टेकलेलंच नाही. मग ब्रेक लागतो कशाला?"

"गेम आहे रे, काहीही दाखवतात," असं म्हणून मी वेळ मारून नेली. रात्री मात्र तो प्रश्न डोक्यात भुंगा होऊन बसला. कारण टीव्हीवर खऱ्या शर्यतीतल्या स्वारांना मी नेमकं हेच करताना पाहिलं होतं. २०२४च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तेव्हापासून आमच्या घरात मातीतल्या बाइकचं वेड शिरलंय. मग शोधत गेलो. निघालं असं की भाच्याला जिथे गेम थापा मारतोय असं वाटलं, तिथे तो अगदी खरं बोलत होता. आणि मला ज्या गोष्टी बिनदिक्कत खऱ्या वाटत होत्या, त्यांतल्या बऱ्याच निव्वळ थापा होत्या.

दोन शब्द आधी सांगून ठेवतो. मातीच्या, चढउतारांच्या बंद ट्रॅकवरची बाइकची शर्यत म्हणजे मोटोक्रॉस. तीच शर्यत स्टेडियममध्ये, माती आणून रचलेल्या टेकाडांवर घेतली की सुपरक्रॉस.

'आर्केड' म्हणजे काय

आपल्याकडे ज्याला व्हिडिओ पार्लर म्हणायचे, त्याला अमेरिकेत आर्केड म्हणतात. नाणं टाका, खेळा, हरलात की दुसरं नाणं काढा. या मशीनची एक अडचण होती. नाणं टाकणाऱ्या गिऱ्हाइकाला पाच-दहा सेकंदांत खेळ कळला पाहिजे आणि दोन-तीन मिनिटांत मजा आली पाहिजे. क्लच कधी सोडायचा, गिअर कुठला, टायरमध्ये हवा किती, हे शिकवत बसायला वेळ कुणाला? म्हणून खऱ्या बाइकमधलं नव्वद टक्के किचकट काम काढून टाकायचं आणि उरलेलं दहा टक्के मोठ्ठं करून दाखवायचं, अशी पद्धत पडली. पार्लर बंद झाली तरी पद्धत टिकली. आज फोनवरच्या गेमलाही 'आर्केड पद्धतीचा' म्हणतात तो याच अर्थाने. याच्या उलट जो गेम शक्य तितकं जसंच्या तसं दाखवायला बघतो, त्याला सिम्युलेशन म्हणतात. मी त्याला 'हुबेहूब गेम' म्हणेन, बोलायला सोपं.

फरक लक्षात ठेवायचा तर गल्ली क्रिकेट आठवा. एक टप्पा आउट, भिंतीला लागला की दोन रन, जोशीकाकूंच्या बाल्कनीत गेला की आउट आणि बॉलही तूच आणायचा. हे नियम चुकीचे आहेत असं कुणी म्हणत नाही. जागा लहान, वेळ कमी, पोरं सहा. त्या मापात बसेल असा खेळ त्यांनी बेतून घेतलाय. पण गल्ली क्रिकेटमध्येही बॉल डोळ्यासमोर आल्यावर बॅट वेळेवर फिरवावीच लागते. ते काही कुणी माफ केलेलं नाही. आर्केड गेमचंही असंच. कुठले नियम वाकवायचे आणि कुठला एक तसाच ठेवायचा, यातच बनवणाऱ्याची अक्कल दिसते.

सुरुवातीच्या काळात हा 'एक नियम' बहुतेकदा हाताला जाणवेल असा असायचा. सेगा कंपनीच्या १९७६च्या मोटोक्रॉस मशीनला चक्क बाइकचं हँडल होतं आणि धडक बसली की ते हातात थरथरायचं. चित्र काळंपांढरं, पण थरथर खरी. पुढे त्याच कंपनीच्या १९८६च्या एंड्युरो रेसरमध्ये उडी मारायची तर हँडल स्वतःकडे ओढायला लागायचं.

चाळीस वर्षांपूर्वीची बाइक

माझ्या पिढीतल्या अनेकांनी पहिली मातीतली बाइक चालवली ती टीव्हीला जोडायच्या चायनीज डब्यावर. पिवळी कॅसेट, तिच्यावर 'नऊ लाख नव्व्याण्णव हजार गेम' असली गंमत छापलेली, आणि आत तेच पंधरा-वीस गेम फिरून फिरून. कॉन्ट्रा, मारिओ, रोड फायटर, आणि त्यांतच कुठेतरी एक्साइटबाइक. आम्ही त्याला नुसतं 'बाइकवाला गेम' म्हणायचो. तो मुळात निंटेंडोचा आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

एक्साइटबाइक जपानमध्ये ३० नोव्हेंबर १९८४ला आला. रचनाकार शिगेरू मियामोतो, म्हणजे मारिओचेच कर्ते. ज्या यंत्रावर तो चालायचा त्याची कामाची स्मृती होती अवघी २ किलोबाइट. आज व्हॉट्सअॅपवर 'शुभ सकाळ'चा जो फुलांचा फोटो येतो, तो याच्या कित्येक पट मोठा असतो. एवढ्याशा जागेत पडदा न अडखळता आडवा सरकवायचं जे कसब त्या मंडळींनी साधलं, ते पुढच्याच वर्षी सुपर मारिओ करताना त्यांच्या कामी आलं.

गेम कसा होता? बाइक डावीकडून उजवीकडे पळते. हँडल वळवण्याची भानगडच नाही. चार पट्टे आहेत, वरचं-खालचं बटण दाबून पट्टा बदलायचा. एका बटणावर साधी रेस, दुसऱ्यावर जोरदार रेस. जोरदार रेस दाबून धरली की खाली एक पट्टी भरत जाते, इंजिन तापतंय म्हणून. पट्टी पूर्ण भरली की बाइक बंद, आणि तुमचा स्वार ट्रॅकच्या कडेला इंजिन गार व्हायची वाट बघत बसलेला. जमिनीवर मध्येमध्ये बाण काढलेले असतात, त्यावरून गेलात की इंजिन चटकन गार होतं. बाकी सगळं डाव्या-उजव्या बटणावर. डावं दाबलं की पुढचं चाक वर, उजवं दाबलं की खाली.

ती तापणारी पट्टी बघा. खरं इंजिन काही सेकंदांत तापून बंद पडत नाही आणि जमिनीवरच्या बाणाने गार तर त्याहून होत नाही. पण जुन्या एसटीने खंबाटकी चढलेल्यांना हे दृश्य ओळखीचं आहे. घाटाच्या अर्ध्यात बॉनेट उघडून वाफ निघतेय आणि ड्रायव्हर पाण्याचा कॅन घेऊन उभा. यंत्रावर जोर काढला की ते तापतं, तापलं की थांबावं लागतं. गोष्ट खरी, फक्त अर्ध्या तासाची पाच सेकंदांत कोंबलेली. आर्केडची ही आवडती लबाडी आहे. परिणाम खरा ठेवायचा, घड्याळ खोटं करायचं.

गेमच्या पोटात काय चाललेलं असतं

पडद्यावरचं हलतं चित्र म्हणजे सेकंदाला बहुधा साठ स्थिर चित्रं. प्रत्येक चित्राआधी गेम एक छोटी बेरीज-वजाबाकी करतो: बाइक कुठे आहे, कुठल्या दिशेला किती वेगाने चाललीय, आणि एक साठांश सेकंदाने कुठे असेल.

उदाहरण घेऊ. एक बाइक टेकाडावरून उडाली. पुढे जाण्याचा वेग सेकंदाला १५ मीटर, वर जाण्याचा १० मीटर. (दोन्ही मिळून ताशी पासष्टेक किलोमीटर होतात, मोटोक्रॉसला हे रोजचंच.) गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला वरचा वेग ९.८ने कमी करतं, म्हणजे दर चित्राला साधारण ०.१६ने. गेम १० मधून ०.१६ वजा करतो, पुन्हा ०.१६, पुन्हा ०.१६. एकसष्टाव्या चित्राच्या सुमारास वरचा वेग शून्य होतो, बाइक सर्वांत उंच पोचलेली असते. जमिनीपासून ५ मीटर. मग तीच वजाबाकी चालू राहते आणि बाइक खाली येते. एकूण दोन सेकंद हवेत, तेवढ्यात ३० मीटर पुढे, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीच्या दीडपट. झालं. सगळं गणित एवढंच, आठवीतला मुलगा करेल.

आता ९.८च्या जागी ४.९ लिहा. बाकी एका अक्षराला हात लावू नका. बाइक चार सेकंद हवेत राहते, १० मीटर उंच जाते आणि ६० मीटर लांब पडते. दोन सेकंदांत अंगठ्याला काही सुचत नाही, चार सेकंदांत कोलांटी मारून परत सरळ होता येतं. फोनवरच्या कित्येक गेममध्ये बाइक कापसासारखी तरंगताना दिसते त्यामागे असा एक बदललेला आकडा असतो. मला ही गोष्ट कळली तेव्हा खरंच हसू आलं. आपण ज्याला 'या गेमचा फील' म्हणतो तो पुष्कळदा कुणीतरी बसून चाचपून चाचपून ठरवलेला एखादा आकडा असतो, आईच्या हातच्या आमटीतल्या चिंचेसारखा.

आता तो ब्रेक

मिक्सर चालू करतानाचा क्षण आठवा. बटण फिरवलं की पातं एका दिशेला गरगरायला लागतं आणि त्याच क्षणी अख्खा मिक्सर उलट दिशेला हिसका देतो. म्हणून तर आपण झाकणावर हात दाबून धरतो. हिसका फक्त सुरुवातीला बसतो. पातं एकसारखं फिरायला लागलं की मिक्सर नुसता घरघरतो.

बाइक जमिनीवर असते तेव्हा तिला धरायला जमीन असते. हवेत तिला कुणीच धरलेलं नसतं, ओट्यावर सुटा ठेवलेल्या मिक्सरसारखी. अशा वेळी बाइक आणि तिची चाकं मिळून जेवढी फिरकी असेल तेवढीच राहते. वाढत नाही, कमी होत नाही, फक्त एकाकडून दुसऱ्याकडे जाते. भौतिकशास्त्रात हिला कोनीय संवेग म्हणतात, आपण फिरकीच म्हणू.

तर बाइक उडाली आहे, मागचं चाक पुढच्या दिशेने जोरात फिरतंय. स्वाराने मागचा ब्रेक दाबला. चाक थांबलं, पण त्याची फिरकी कुठे जाणार? ती बाइकच्या अंगात शिरते. चाक ज्या दिशेला फिरत होतं त्या दिशेला आता अख्खी बाइक थोडी फिरते, म्हणजे नाक खाली. उलट, हवेत रेस पिळली तर चाक आणखी जोरात फिरू लागतं आणि मिक्सरसारखा उलटा हिसका बाइकला बसतो, म्हणजे नाक वर. खरे स्वार हेच करतात. नाक फार वर गेलं की उजव्या पायाने मागचा ब्रेक, त्याच वेळी क्लच दाबलेला, नाहीतर चाकाबरोबर इंजिनही बंद पडायचं. नाक फार खाली गेलं की रेस.

भाच्याला हे तोंडी पटेना. मग त्याच्या जुन्या सायकलचं पुढचं चाक काढलं, त्याला माझ्या ऑफिसच्या गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसवलं, चाक दोन्ही हातांनी ताटासारखं आडवं धरायला दिलं आणि मी ते जोरात फिरवलं. खुर्ची जागच्या जागी. म्हटलं, आता चाक छातीशी दाबून थांबव. त्याने थांबवलं आणि खुर्ची चाकाच्या दिशेने वळली. फार नाही, पाव चक्कर असेल. पण चेहरा बघण्यासारखा होता. शर्टावर टायरच्या काळ्या रेघा उमटल्या, त्याबद्दल ताईने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

पाव चक्कर, हे महत्त्वाचं. खऱ्या बाइकचं चाक बाइकच्या मानाने हलकं असतं, त्यामुळे ब्रेकने नाक बेताचंच झुकतं. आर्केड गेम हाच परिणाम फुगवून दाखवतो. ब्रेकचं बटण दाबून धरा, बाइक गिरकी घेईल. दिशा खरी, माप खोटं.

आणि इथेच एक थाप अशी आहे जी कुणाला खटकत नाही. हवेत गेल्यावर बाइक कुठे पडणार हे उडतानाच ठरून गेलेलं असतं. हवेत हातपाय हलवा, रेस द्या, नाक वर करा, बाइक आणि स्वार मिळून जो वजनाचा मध्य असतो तो ठरल्या वाटेनेच जातो. बॅटवरून सुटलेल्या बॉलला मागून 'जा, जा' म्हणून उपयोग नसतो तसं. बऱ्याच गेममध्ये मात्र हवेत बटण दाबून बाइक डावी-उजवीकडे सरकवता येते, उडी लांबवता येते. हे साफ खोटं. पण खोटं नसतं तर दोन सेकंद नुसतं बघत बसावं लागलं असतं.

ज्या नियमाला कुणी हात लावत नाही

एक्साइटबाइकमध्ये उडी मारणं कुणालाही जमायचं, खरी मेख होती उतरण्यात. समोर उताराची बाजू असेल तर बाइकही त्याच कलाने झुकवून, दोन्ही चाकं एकदम टेकतील अशी उतरवायची. जमलं तर वेग तसाच राहायचा. नाक खुपसलं तर स्वार कोलांट्या खात कडेला, मग तिथून धावत बाइककडे, आणि आपण वेड्यासारखं बटण बडवतोय, चल लवकर, चल लवकर. (बडवल्याने तो खरंच लवकर पोचायचा.)

उतरण्याच्या कलाला एवढं महत्त्व का, हे वरच्याच उडीवरून बघू. बाइक ५ मीटरवरून खाली येते तेव्हा तिचा खाली येण्याचा वेग पुन्हा सेकंदाला १० मीटर झालेला असतो, ताशी ३६ किलोमीटर. सपाट जमिनीवर पडली तर हा सगळा वेग शॉकअपने आणि स्वाराच्या गुडघ्यांनी गिळायचा. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली उडी मारल्यासारखं.

आता सपाट जमिनीऐवजी २५ अंशांचा उतार ठेवा. बाइक स्वतःच साधारण ३४ अंशांनी खाली येतेय. म्हणजे ती उतारावर आदळत नाही, जवळजवळ त्याला समांतर येऊन घसरत टेकते. उताराच्या आत घुसणारा वेग उरतो सेकंदाला फक्त २.७ मीटरच्या आसपास. स्टुलावरून खाली उडी मारल्यावर जेवढा असतो तेवढा. बाइक तीच, उंची तीच, वेग तोच, पण गॅलरीचं स्टूल झालं. (हिशेब ढोबळ आहे. उतार किती खाली आहे, हवा किती लागते, हे सोडून दिलंय.)

म्हणून मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर प्रत्येक चढाच्या पलीकडे उतार रचलेला असतो आणि स्वाराची सगळी धडपड त्या उताराच्या नेमक्या जागी टेकायची असते. अलीकडे पडला तर माथ्यावर आदळेल, पलीकडे गेला तर सपाटीवर. १९८४च्या त्या चिमुकल्या गेमने स्टिअरिंग काढून टाकलं, वळणं काढून टाकली, गिअर काढून टाकले, पण हे ठेवलं. मला त्याचं मोठेपण इथे वाटतं. पुढे आलेल्या गेमनी यावर भर घातली. २००९च्या एमएक्स व्हर्सेस एटीव्ही रिफ्लेक्समध्ये हातातल्या कंट्रोलरच्या एका काडीवर बाइक आणि दुसऱ्या काडीवर स्वाराचं शरीर अशी विभागणी केली. हेही मोटोक्रॉसला धरूनच आहे. स्पर्धेची मोठी बाइक साधारण ११० किलोची आणि वर बसलेला माणूस सत्तरचा, तो पुढे-मागे झुकला की फरक पडणारच. त्याच वर्षीच्या ट्रायल्स एचडीत तर सगळा गेमच झुकण्यावर उभा आहे.

"पण बाकीच्या बाइक लबाडी करतात!"

ही तक्रार प्रत्येक घरात ऐकू येते. मी एवढा पुढे होतो, शेवटच्या वळणावर तो मागून आलाच कसा?

आरोप बऱ्याचदा खरा असतो. कित्येक शर्यतीच्या गेममध्ये तुम्ही फार पुढे गेलात की संगणकाच्या बाइक गुपचूप वेग वाढवतात आणि तुम्ही मागे पडलात की त्या हळू होतात. अदृश्य रबराने बांधल्यासारख्या, म्हणून याला रबरबँड म्हणतात. लहान पोराशी शर्यत लावणारा बाप हेच करतो. पोरगं मागे पडलं की चपलेचा पट्टा नीट करायला थांबतो, फार पुढे गेलं की 'आलो बघ' म्हणत पळत सुटतो. पोराला शर्यत चुरशीची वाटावी म्हणून. फरक एवढाच की बाप शेवटी पोराला जिंकू देतो, गेम देईलच असं नाही.

माझं मत विचाराल तर थोडं रबर चालतं, पण ते दिसता कामा नये. दिसलं की संपलं, पहिली चार मिनिटं मन लावून चालवल्याचा काही अर्थच उरत नाही.

एक्साइटबाइकने ही भानगड वेगळ्याच वाटेने मिटवली होती. त्यातल्या दुसऱ्या बाइक तुमच्याशी शर्यत लावतच नव्हत्या. तुमचा नंबर घड्याळावरून ठरायचा, तिसऱ्या नंबराच्या वेळेच्या आत पोचलात की पुढच्या ट्रॅकवर. बाकीच्या बाइक म्हणजे रस्त्यातल्या म्हशी. तुमचं पुढचं चाक त्यांच्या मागच्या चाकाला लागलं की तुम्ही पडणार, त्यांचं पुढचं तुमच्या मागच्याला लागलं की ते. मी लहानपणी मुद्दाम त्यांच्या समोर जाऊन एकेकाला पाडत बसायचो आणि मग वेळ संपायचा.

नकाशा जिथे संपतो

मोकळं माळरान दाखवणाऱ्या गेमची एक अडचण असते. माळरान कुठेतरी संपवावं लागतं. बहुतेक गेम तिथे कुंपण, दगड किंवा न दिसणारी भिंत घालतात. १९९८च्या मोटोक्रॉस मॅडनेसने यावर जे केलं त्याला तोड नाही. रेनबो स्टुडिओजने बनवलेला आणि मायक्रोसॉफ्टने आणलेला हा संगणकावरचा गेम. नकाशाच्या कडेला उभे कडे होते. हट्टाने, घसरत-पडत एखादा कडा चढून माथ्यावरून पलीकडे गेलात, तर तोफेसारखा आवाज व्हायचा आणि तुम्ही बाइकसकट गोफणीतून सुटलेल्या दगडासारखे परत आत भिरकावले जायचात. शर्यत सोडून नुसतं यासाठी कडे चढणारे लोक होते. इतर गेमने दडवलेली हद्द यांनी खेळणं करून टाकली.

"सगळं हुबेहूबच का नाही करत?"

आता फोनमध्ये ताकद आहे, मग थापा कशाला? कारण अडचण संगणकाची नाहीच, खेळणाऱ्याची आहे. खरा स्वार डोळ्यांनी जेवढं बघतो त्याहून जास्त बुडाने, तळव्यांनी आणि कानांनी ओळखतो. मागचं चाक सरकायला लागलं हे त्याला दिसायच्या आधी कळतं. फोन हातात घेतलेल्याला यातलं काहीच मिळत नाही. त्याच्याकडे एक पडदा आणि दोन अंगठे. अशा माणसाच्या हातात हुबेहूब बाइक दिली तर ती खऱ्याहून अवघड होते. म्हणून चांगला आर्केड गेम त्याला थोडी सूट देतो. समजा तुमची बाइक उताराच्या कलाला दहा अंश चुकली, तर गेम ती गुपचूप जुळवून घेतो. पंचवीस अंश चुकलात तर मात्र पाडतो. तुम्हाला वाटतं आपल्याला जमलं. थोडंसं जमलेलंच असतं.

हुबेहूब गेम खेळणारे यावर नाक मुरडतात आणि त्यांचंही एका बाबतीत बरोबर आहे. सूट सवयीची झाली की शिकणं थांबतं.

"पोरं रस्त्यावर हेच करतील त्याचं काय?"

हा ताईचा प्रश्न, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गेममध्ये पडलात की दोन सेकंदांत पुन्हा बाइकवर. सगळ्या आर्केड थापांमध्ये ही सर्वांत मोठी, आणि ती थाप आहे हे मुलाला वेगळं सांगावंच लागतं.

मी भाच्याला सांगताना 'असं करू नये' म्हटलं नाही, आकडे दाखवले. मोटोक्रॉसच्या बाइकचा शॉकअप साधारण ३० सेंटिमीटर दबतो. बाबांच्या बाइकचा पुढचा शॉकअप बारा-तेरा सेंटिमीटर. गंमत म्हणजे दोन्ही बाइकचं वजन जवळपास सारखंच, पण शर्यतीच्या ४५० सीसी बाइकची ताकद सहापटीच्या वर. त्या बाइकला दिवा नाही, आरसा नाही, मागची सीट नाही. आदळणं गिळायला तिच्याकडे अडीचपट जागा आहे, आणि तरीही तिचा स्वार सपाटीवर पडायला घाबरतो. मग बाबांची बाइक गतिरोधकावरून उडवली तर काय होईल, हे त्याने स्वतः हिशेब करून सांगितलं. उत्तर ऐकून बाबाच गप्प झाले. ते गतिरोधकाला फारसे हळू होत नाहीत.

शेवटी त्याने विचारलं की मग गेममध्ये नसलेलं सगळ्यात मोठं काय. म्हटलं, पाय. गेम खेळणारा बसून खेळतो. मोटोक्रॉसचा स्वार खडबडीत वाटेवर आणि उडीच्या वेळी बसतच नाही. पायाच्या खुंट्यांवर उभा असतो, गुडघे वाकवून, म्हणजे बाइक खाली नाचत राहते आणि धक्के मांड्या खातात. शॉकअप बाइकला दोन, त्याला आणखी दोन.

सुट्टी संपून तो घरी गेला. परवा ताईचा फोन आला. पोरगा आता सोफ्यावर उभा राहून, गुडघे वाकवून गेम खेळतो. बाइक उडाली की हा पण उडतो. सोफ्याची एक स्प्रिंग गेली आहे, बिल मला पाठवणार आहे.